ठिणगी झेलणारा कापूस

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



मागच्या जानेवारीतली गोष्ट सांगतो. अमरावतीत राजापेठेत आमचं घर आहे. घरामागे चार फरशांचं छोटं अंगण. पुण्याला शिकणारा माझा नातू सुटीत आला होता. मित्रांबरोबर चिखलदऱ्याला जाऊन रात्री शेकोटी करायची, असा त्याचा बेत होता. त्यासाठी त्यानं एक वस्तू मागवली होती. करंगळीएवढी एक काळी कांडी आणि दोरीनं तिला बांधलेली पोलादाची पट्टी. 'आजोबा, आता आगपेटी लागतच नाही. पावसात भिजली तरी हिच्यातून ठिणगी पडते,' असं म्हणून तो प्रात्यक्षिकाला बसला. वर्तमानपत्राचे बोळे, कडुलिंबाच्या वाळल्या काटक्या अशी मांडणी केली आणि पट्टी कांडीवरून जोरात ओढली. खरोखर दिवाळीतल्या फुलबाजीसारखा ठिणग्यांचा सडा पडला! पण कागद काही पेटेना. त्यावर काळे ठिपके पडत, बारीक भोकं पडत आणि तेवढ्यावरच सगळं संपे. पंधरा मिनिटं ही झटापट चालली. शेवटी त्याची आजी दारात येऊन म्हणाली, 'अरे, देवघरातली आगपेटी देऊ का?'

तो ओशाळून हसला. मी मात्र म्हटलं, 'आगपेटी नको. देवघरातून वातीचा कापूस तेवढा आण.'

पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. पण त्या अंगणात माझ्या नातवाला जी अडचण आली, ती माणसाची फार जुनी अडचण आहे. ठिणगी पाडता येते, पण ती झेलायची कशात? आज या ठिणगीची आणि तिला झेलणाऱ्या कापसाची गोष्ट सांगायची आहे. आपण वऱ्हाडातली माणसं, त्यामुळे ही गोष्ट आपल्या अगदी जवळची आहे.

आगपेटी येण्यापूर्वी ठिणगी पाडण्याचं साधन म्हणजे चकमक. हा शब्द मूळचा तुर्की. तुर्कस्तानात आजही लायटरला चकमकच म्हणतात. आपल्याकडे दोन तुकड्यांमध्ये बाचाबाची होऊन गोळ्या झडल्या की वर्तमानपत्रं 'चकमक उडाली' असं छापतात. शब्द राहिला, वस्तू गेली. ती वस्तू म्हणजे एक गारेचा तुकडा आणि एक पोलादाचा तुकडा. गार पोलादावर घासून आपटली की ठिणगी उडते.

ही ठिणगी गारेतून निघते, असं बहुतेकांना वाटतं. शाळेत असताना मलाही तसंच वाटे. प्रत्यक्षात ठिणगी असते पोलादाची. गार पोलादापेक्षा कठीण असते. तिची धारदार कड पोलादावरून घसरली की पोलादाचा अगदी बारीक कीस निघतो. घर्षणानं तो तापलेला असतो आणि हवेतला प्राणवायू मिळताच जळू लागतो. आपल्याला दिसते ती त्या किसाच्या जळण्याची लाल-पिवळी रेघ. म्हणून साधं मऊ लोखंड या कामाला चालत नाही, पाणी दिलेलं पोलाद लागतं. जुनी झिजलेली कानस त्यासाठी उत्तम.

आता हे दोन्ही जिन्नस आपल्या भागात किती जुने आहेत ते पाहा. आपली वऱ्हाडाची काळी जमीन ज्या खडकाची बनली, तो लाव्हारसाचा काळा कातळ. हा लाव्हा थंड होताना त्यात पोकळ्या राहिल्या आणि त्या पोकळ्यांमध्ये गारगोटी, अकीक यांसारखे कठीण दगड तयार झाले. नदीनाल्यांच्या पात्रात, नांगरलेल्या शेतात ते आजही सापडतात. लहानपणी अंधारात दोन पांढऱ्या गारा एकमेकींवर घासून उजेड पाडण्याचा खेळ आपल्यापैकी अनेकांनी खेळला असेल. त्या उजेडानं काही पेटत नाही, ती गोष्ट वेगळी. आणि लोखंड? नागपूरजवळच्या माहुरझरीला महापाषाण काळातल्या माणसांनी अकीकाचे सुंदर मणी घडवले. त्याच जिल्ह्यातल्या नैकुंडला पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली, ती सुमारे अडीच हजार वर्षांहून जुनी आहे. म्हणजे कठीण दगडाला धार कशी आणायची आणि लोखंड कसं तयार करायचं, या दोन्ही विद्या विदर्भाला फार पूर्वीपासून अवगत होत्या.

पण श्रोतेहो, चकमकीच्या संचात दोन नव्हे, तीन वस्तू असत. तिसरी वस्तू होती कापूस. तोही साधा नाही, जळका. सुती चिंधी किंवा कापूस पेटवायचा आणि पुरता राख होण्याआधीच हवा कोंडून विझवायचा. मग उरतो तो काळा, हलका, कोळशासारखा पदार्थ. चकमकीची ठिणगी फार लहान आणि क्षणात विझणारी असते. साध्या कापसाला ती सहसा पेटवू शकत नाही. या जळक्या कापसावर पडली मात्र, की तिथं लाल ठिपका उमटतो आणि हळूहळू पसरत जातो. ज्वाळा नाही, नुसतं धुमसणं. मग तो कापूस वाळल्या गवताच्या किंवा काथ्याच्या घरट्यात ठेवायचा, हलकेच फुंकायचं. आधी दाट पांढरा धूर येतो आणि मग एकदम भडका होतो. काटेसावरीची किंवा रुईची म्हातारीसुद्धा अशा कामी येई. हा सगळा संच एका छोट्या बटव्यात मावे. रात्रीबेरात्री बंडी हाकणारे, रानात ढोरं राखणारे, चिलीम ओढणारे यांच्या कमरेला असा बटवा असायचा. पावसाळ्यात जीवापाड जपायचा तो कापूस. गार ओली झाली तर पुसता येते, पण कापूस ओला झाला की थंडीत कुडकुडत बसण्यावाचून उपाय नाही.

घरात मात्र रोज कोणी चकमक झाडत नसे. घरातली आग विझूच द्यायची नाही, ही रीत होती. रात्री चूल आवरताना एखादा जाडसा निखारा किंवा गोवरीचा तुकडा राखेत पुरून ठेवायचा. सकाळी राख बाजूला सारली की आत इस्तो जिवंत असे. विस्तवाला आमच्या वऱ्हाडीत इस्तो म्हणतात. माझ्या लहानपणी घरोघरी आगपेटी आली होती, तरी काडी वाचवण्याकडे आजीचा कल असे. राखेतला निखारा विझला की ती मला गोवरीचा तुकडा देऊन शेजारी पिटाळायची. 'जाय बावा, इस्तो घिऊन ये. अन् धावत येऊ नोको!' शेजारच्या काकू आपल्या चुलीत तो तुकडा धरून पेटता करून द्यायच्या. वाटेत कोणी कशाला चाललास म्हणून विचारत नसे, हातातली गोवरीच ते सांगत असे.

'त्या दोघांतून विस्तव जात नाही' असा वाक्प्रचार आपण वापरतो. त्याचा उगम मला त्या वयात कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही. ज्या घरांमध्ये भांडण आहे, त्यांच्यात विस्तवाची देवघेव बंद. बाकी सगळं सहन होईल, पण सकाळची चूल पेटवायला शेजाऱ्याकडे जाता येत नाही, ही गावात मोठीच शिक्षा होती. आगपेटी आली आणि प्रत्येक घर आपापल्या आगीचं मालक झालं. सोय झाली, यात शंका नाही. पण रोज सकाळी शेजाऱ्याच्या दारात जाण्याचं एक कारणही गेलं.

चकमकीची एक दुसरी, दारुण बाजूही आपल्या जिल्ह्यांनी पाहिलेली आहे. जुन्या तोड्याच्या बंदुकीत पेटती वात, म्हणजे तोडा, रंजकीला लावून बार काढावा लागे. पावसात तोडा विझे आणि रात्री त्याचा लाल ठिपका शत्रूला दिसे. त्यानंतर आली ती चकमकीवर चालणारी बंदूक. तिच्या घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा बसवलेला असे. चाप ओढला की घोडा पोलादी पत्र्यावर आपटे, ठिणग्या रंजकीवर पडत आणि बार उडे. म्हणजे आपल्या बंडीवाल्याच्या बटव्यातलीच युक्ती, फक्त कापसाच्या जागी दारू. 29 नोव्हेंबर 1803 रोजी आज अकोला जिल्ह्यात असलेल्या अडगावला आर्थर वेलस्लीच्या फौजेनं मराठी सैन्याचा पराभव केला, तेव्हा इंग्रजी पायदळाच्या खांद्यावर हीच बंदूक होती. त्यानंतर सोळा दिवसांनी, 15 डिसेंबरला, चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. लगेच देवगावचा तह झाला आणि महिनाअखेरीला सुर्जी-अंजनगावचा. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगाला माहीत झाला. त्या काळात बंदुकीच्या गारा घडवणं हा इंग्लंडमध्ये एक स्वतंत्र धंदाच होता. सफोक परगण्यातल्या ब्रँडन गावचे कारागीर दिवसभर हातोडीनं त्या फोडून तयार करत. काही डझन बार काढले की गार बोथट होई आणि नवी बसवावी लागे. साम्राज्य उभं करायलासुद्धा दगडाची धार लागत होती.

मग एकोणिसाव्या शतकात आगकाडीनं हे सगळं बदललं. 1827 मध्ये जॉन वॉकर नावाच्या इंग्रज औषधविक्रेत्यानं घासून पेटणाऱ्या काड्या विकायला सुरुवात केली. पुढच्या काड्यांमध्ये पांढरा फॉस्फरस आला. तो इतका विषारी की कारखान्यातल्या मजुरांच्या जबड्याची हाडं सडत. 1888 मध्ये लंडनच्या आगकाडी कारखान्यातल्या मुलींनी केलेला संप प्रसिद्ध आहे. स्वीडनमध्ये या विषावर उतारा निघाला. तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेला लावायचा आणि बाकीची रसायनं काडीच्या टोकाला. त्यामुळे काडी पेटीवर घासल्याशिवाय पेटत नाही. आपण आज वापरतो ती हीच. पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर हिंदुस्थानात 1913 च्या कायद्यानं बंदी आली. स्वीडन आणि जपानमधून आलेल्या आगपेट्या आपल्या बाजारात होत्याच. पुढे 1923 मध्ये स्वीडिश भांडवलाची विम्को कंपनी इथं उभी राहिली, तिचा अंबरनाथचा कारखाना महाराष्ट्राला परिचित आहे. त्याच दशकात शिवकाशीला हा उद्योग रुजला. 1934 मध्ये सरकारनं आगपेटीवर अबकारी कर बसवला, तेव्हा ही वस्तू किती घराघरांत पोहोचली होती ते कळतं. 2007 मध्ये एक रुपयाची झालेली आगपेटी 1 डिसेंबर 2021 पासून दोन रुपयांची झाली. इतक्या वर्षांत इतकी कमी महागलेली वस्तू घरात दुसरी शोधून सापडणार नाही.

आगपेटीमुळे चकमक विस्मरणात गेली. पण वऱ्हाडात ती एका ठिकाणी शिल्लक राहिली आणि तीही कोणाला नको असताना. ते ठिकाण म्हणजे जिन.

1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात बडनेऱ्यावरून रेल्वे नागपूरला पोहोचली. गावोगाव जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. जिनच्या आवारात कापसाच्या पांढऱ्या गंज्या लागलेल्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. अशा आवाराच्या दारावर आगपेटी, बिडी बाहेर ठेवण्याची सूचना असते. झडती घेऊन मजुराच्या खिशातली आगपेटी काढून घेता येते. पण कापसाबरोबर एखादी गार आत आली तर? शेतात वेचणी करताना, बंडीत भरताना, गंजीवरून उचलताना एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा कापसात मिसळतो. तो यंत्राच्या फिरत्या पोलादी भागावर आपटला की ठिणगी उडते. गार आणि पोलाद, अगदी बटव्यातली जोडी! आणि तिसरा जिन्नस तर भोवताली ढिगानं पडलेला असतो. हवेत तरंगणारा रुईचा बारीक तूस आणि यंत्राची गरमी असली की त्या ठिणगीला जळक्या चिंधीची गरज उरत नाही.

आणि कापसाचा जो गुण चकमकीच्या बटव्यात वरदान ठरला, तोच इथं शाप होतो. कापूस ज्वाळा न दाखवता आतल्या आत धुमसत राहतो. गाठीच्या पोटात गेलेली ठिणगी बाहेरून दिसत नाही. वरून पाणी मारून आग विझली असं वाटतं आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनीही, तीच गाठ पुन्हा पेट घेते. म्हणून जाणते लोक आग लागलेली गाठ नुसती भिजवून थांबत नाहीत. ती इतर मालापासून दूर नेतात, पट्ट्या तोडून मोकळी करतात आणि तिच्यावर नजर ठेवतात. राखेखालचा निखारा सकाळपर्यंत जिवंत राहतो, हे माझ्या आजीला ठाऊक असलेलं शास्त्रच त्यामागे आहे. आजीला तो जिवंत हवा असे, जिनवाल्याला तो मेलेला हवा असतो, एवढाच फरक.

आता नातवाच्या काळ्या कांडीकडे येऊ. तिचा जन्म कसा झाला ती हकिकतही ऐकण्यासारखी आहे. पूर्वी लग्नाच्या वरातीत, कीर्तनात पेट्रोमॅक्सची बत्ती असे. तिच्यातल्या त्या पांढऱ्या जाळीला आपण मेंटल म्हणत होतो. ही जाळी शोधून काढली कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञानं, 1885 च्या सुमारास. जाळीसाठी लागणारं थोरियम मोनाझाइट नावाच्या वाळूतून काढत. दक्षिणेत त्रावणकोर संस्थानाच्या किनाऱ्यावर 1909 मध्ये सापडली ती हीच वाळू. थोरियम काढून घेतल्यावर सेरियम आणि त्याच्या भावंडांसारखे धातू मागे उरत आणि त्यांचं काय करायचं हा प्रश्न पडे. आउअरनं सेरियममध्ये लोखंड मिसळून पाहिलं. त्या मिश्रधातूला नुसतं खरवडलं तरी लखलखीत ठिणग्या पडू लागल्या! 1903 मध्ये त्यानं त्याचं पेटंट घेतलं. बत्तीच्या कारखान्याचा उकिरडा असा कामाला आला. लायटरमध्ये आपण जो बारीक खडा घालत होतो, तो याच धातूचा. तो खडा म्हणजे गार, असं सगळे समजत, पण तो दगडच नव्हे.

जुन्या चकमकीत आणि या कांडीत भूमिका उलट झाल्या आहेत. तिथं दगड पोलादाला खरवडतो आणि पोलाद जळतं. इथं पोलादाची पट्टी कांडीला खरवडते आणि कांडी जळते. हिची ठिणगी पोलादाच्या ठिणगीपेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते, सुमारे तीन हजार अंशांपर्यंत. म्हणून तिला जळका कापूस लागत नाही, साधा कापूस पुरतो. पण काहीतरी मऊ, कोरडं, तंतू सुटे असलेलं लागतंच. कागदाचा घट्ट बोळा त्या कामाचा नाही.

तर नातवानं देवघरातून कापूस आणला. मी तो पिंजाऱ्यासारखा बोटांनी सुटा करायला लावला, इतका की त्यातून पलीकडचं दिसावं. शेतावरून आणलेल्या तुराट्या घरात होत्या. त्या मोडून बारीक काड्या केल्या. त्यांच्यावर ठेवायला पऱ्हाट्या. म्हणजे सगळी मांडणी वऱ्हाडातलीच झाली! त्यानं पट्टी एकदा ओढली, दुसऱ्यांदा ओढली. दुसऱ्या वेळी फस्सकन ज्वाळा उठली. कापूस काही सेकंदांत संपला, पण तेवढ्यात तुराटीनं आग धरली होती. आम्ही तिघंही हात शेकत बसलो.

मग मी त्याला त्याच्या सहलीबद्दल विचारलं. शेकोटी नक्की कुठं करणार? तो म्हणाला, 'जंगलातच कुठंतरी.' तेव्हा मला त्याला थोडं बसवून सांगावं लागलं. मेळघाट हे 1973-74 मध्ये सुरू झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. तिथलं जंगल सागाचं, पानझडीचं. थंडी सरता सरता जमिनीवर वाळल्या पानांचा थर साचतो. वनखातं जाळरेषा काढून, म्हणजे पानाफांद्या साफ केलेले पट्टे ठेवून वणवा अडवायचा प्रयत्न करतं आणि स्थानिक माणसं, त्यात कोरकू बांधव मोठ्या संख्येनं, उन्हाच्या तडाख्यात झाडाच्या ओल्या फांद्यांनी झोडपून तो विझवतात. राखीव जंगलात मनाला येईल तेव्हा आग पेटवणं किंवा पेटती वस्तू नेणं 1927 च्या वन कायद्यानं गुन्हा आहे आणि अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं. दोन मिनिटांच्या गमतीसाठी टाकलेली ठिणगी विझवायला दुसऱ्याच कोणाला तरी रात्रभर झुंजावं लागतं.

त्याला ते पटलं. बेत बदलला. चिखलदऱ्याला ते गेले, पण शेकोटी त्यांनी परतताना एका मित्राच्या शेतात केली, कापूस निघून गेलेल्या मोकळ्या वावरात, बाजूला पाण्याची बादली ठेवून. निघण्यापूर्वी राख पाण्यानं भिजवायची, काडीनं ढवळायची, पुन्हा भिजवायची आणि शेवटी तिच्यावर उलटा हात धरून पाहायचं, असं मी त्याला बजावलं होतं. हात गार राहिला तरच निघायचं. त्यानं फोन करून सांगितलं, 'आजोबा, पहिल्यांदा हात धरला तेव्हा आत गरमच होती. वरून काहीच दिसत नव्हतं.'

मला आजी आठवली. ती कांडी आता आमच्याकडेच असते. वीज गेली की आमची ही देवघरातला कापूस घेते आणि स्वयंपाकघरातली आगपेटी शोधायच्या आधी एकदा तिच्यावर प्रयोग करून पाहते. कधी जमतं, कधी नाही.